गाडी आधी काट्यावर घाला, साहेब

प्रति,
हलक्या गाड्यांचे जीएसक्यूआर (गाडी कशी हवी, त्याचे लष्करी निकष) लिहिणारे आणि त्यांच्या ट्रायल घेणारे सर्व अधिकारी,
लष्कर मुख्यालय, नवी दिल्ली

साहेब, जयहिंद.

मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने फोर्स मोटर्स आणि महिंद्रा या दोघांशी मिळून सुमारे पाच हजार हलक्या गाड्यांचे करार केले. त्यातल्या २,९७८ 'गुरखा' गाड्या पुण्याच्या फोर्सकडून यायच्या. ८०० किलो भार, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर), सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी छप्पर. बातमी आली तेव्हा कुर्ल्यातल्या आमच्या गल्लीत बरेच दिवस हाच विषय होता. सीएसटी रोडच्या आसपास जुने पार्ट आणि गॅरेजांचा बाजार आहे, त्यात ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त होऊन आलेले आम्ही काहीजण आहोत. कुठली गाडी भारी, यावर चहाचे कप रिकामे झाले तरी भांडण मिटलं नाही. त्या भांडणात मला रस नाही. दोन्ही कंपन्या आपल्या महाराष्ट्रातल्या, दोघींना गाड्या बनवता येतात. मला बोलायचंय ते गाडी निवडण्याआधी तुम्ही कागदावर काय लिहिता आणि ट्रायलमध्ये काय मोजता, त्याबद्दल. गुपित त्यात काही नाही, सगळं छापून आलेलं आहे, म्हणून पत्र उघडच लिहितोय.

माझी मागणी एवढीच आहे. लष्करासाठी गाडीत जे बदल करायचे ते सगळे आधी ठरवा. ते करून, पूर्ण सामान आणि माणसं भरून गाडी वजनकाट्यावर घाला. तीच गाडी, त्याच अवस्थेत, वाळूत आणि बर्फात न्या. आणि ती दुरुस्त करणाऱ्या पोराचा शेरा किमतीच्या हिशेबात धरा.

'हलकी गाडी' ही कल्पना आली तीच मुळी वजनाच्या आकड्यातून. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने कंपन्यांकडून टेहळणीची छोटी गाडी मागवली तेव्हा कागदावर वजनाची मर्यादा होती १,३०० पौंड, म्हणजे ५९० किलो. तेवढ्यात फोर बाय फोर बसवणं कोणालाच जमण्यासारखं नव्हतं. पहिला नमुना ४९ दिवसांत द्यायचा होता, तो बँटम नावाच्या लहानशा कंपनीने दिला. पुढे मर्यादा वाढवून २,१६० पौंड केली, साधारण ९८० किलो. विलीज या दुसऱ्या कंपनीचं इंजिन सगळ्यांत दमदार, पण त्यांची गाडी जड. मग त्यांच्या इंजिनिअरांनी बोल्ट कापले, पत्रे पातळ केले. रंगाचा दुसरा हात दिला तर मर्यादा ओलांडेल इथपर्यंत हिशेब गेला होता, असं सांगतात. पोटतिडकीने किलो-किलो मोजून जी जीप तयार झाली ती युद्धभर सहा लाखांच्या वर बनली. तीच पुढे महिंद्रांनी आपल्या माझगावात जोडायला घेतली आणि तिथून आपल्या लष्करात आली.

आता लष्कराची जुनी मारुती जिप्सी घ्या. सॉफ्ट टॉप जिप्सी रिकामी ९८५ किलो. म्हणजे अर्ध्या शतकाने, दुसऱ्या देशात, दुसऱ्या कंपनीने बनवलेली गाडी त्याच आकड्यापाशी येऊन थांबली होती. माणसांनी उचलून खड्ड्यातून बाहेर काढता येईल, ढकलून वळवता येईल, याची हद्द तिथेच कुठेतरी आहे. डोंगरात जिप्सी नाल्यात उतरली की रिकव्हरीची गाडी बोलवायची वेळ क्वचित यायची. सहा जवान, एक दोर आणि शिव्या, काम झालं.

जिप्सीचे दोष मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत, कारण ते माझ्या हातून गेलेत. मागच्या आडव्या बाकांवर बसून तीन तास गेलेल्या माणसाला विचारा. पुढे-मागे कमानी पाटे, त्यामुळे रिकामी गाडी उडते. भार पाचशे किलोचा, आणि प्रत्यक्षात लोक भरायचे त्याहून जास्त, मग पाटे बसायचे. पॉवर स्टिअरिंग नाही. पेट्रोल इंजिन १,३०० सीसीचं, टर्बो नाही, खारदुंगला साडेसतरा हजार फुटांवर हवा इतकी विरळ की ताकद निम्म्यावर येते. १९८५ ची गाडी, ती बदलायलाच हवी होती. पण ती बदलताना काय-काय हातचं गेलं, त्याचा ताळेबंद कोणी मांडला का, हा माझा प्रश्न आहे.

जिप्सीच्या जागी पुढची गाडी ठरवताना तुम्ही कागदावर लिहिलं: ८०० किलो भार, पक्कं छप्पर, एसी. त्या वर्गात टाटाची सफारी स्टॉर्म आणि महिंद्राची स्कॉर्पिओ, दोन्ही ट्रायलमध्ये पास झाल्या. किंमत उघडली, टाटा खाली निघाली आणि २०१७ मध्ये ३,१९२ स्टॉर्मचा करार झाला. गाडी वाईट नव्हती. शहरात, छावणीत, सपाट मुलखात ती जिप्सीपेक्षा कितीतरी सुखाची. पण जिप्सीची रुंदी १,५४० मिलिमीटर आणि स्टॉर्मची १,९६५. सव्वा फुटाहून अधिक फरक. सीमेवरचे ट्रॅक ज्यांनी पाहिलेत त्यांना सव्वा फूट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाहेरचं चाक रस्त्यावर असतं की हवेत, एवढाच तो फरक. वजन तर दुप्पट, दोन टनांच्या पुढे. ती सहा जवानांनी ढकलत नाही.

एसीवर मी टीका करत नाही. 'जवानाला एसी कशाला' म्हणणारा माणूस मे महिन्यात जैसलमेरला बंद गाडीत रेडिओ सेटशेजारी बसलेला नसतो. तरीही पक्कं छप्पर आणि बंद काचा हा सगळ्याच हलक्या गाड्यांचा निकष होऊ शकत नाही. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरच्या ऊसात कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या १०६ मिमी आरसीएल (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने. तोफ दोनशे किलोंच्या वर, आणि तिचा भडका मागच्या बाजूने निघतो. बंद टपाच्या गाडीतून ती उडवताच येत नाही. पुढची काच खाली पडायला हवी, मागचं सगळं उघडं हवं, आणि गोळा सुटला की पुढच्या क्षणी जागा सोडायला गाडी चपळ हवी. आज आरसीएलच्या जागी क्षेपणास्त्राचा लाँचर असेल, ड्रोनवाला असेल. उघडं छप्पर, चारी बाजूंनी नजर आणि कान, पटकन उडी मारून उतरता येणं, या गरजा गेलेल्या नाहीत. २०२५ च्या कागदावर तुम्ही परत सॉफ्ट टॉप लिहिलात, ते वाचून बरं वाटलं. मधल्या काळात ते का सुटलं होतं, हे मात्र कोणीतरी लिहून ठेवायला हवं, नाहीतर पुढच्या खेपेला परत सुटेल.

आता काट्याकडे येतो.

८०० किलो हा आकडा ऐकायला दांडगा वाटतो. चालकासकट पाच माणसं धरा. माणूस सत्तर किलोचा, त्यावर जॅकेट, हेल्मेट, रायफल, काडतुसं, पाणी, पिट्टू मिळून पंचवीस-तीस. म्हणजे एक जवान शंभर किलोचा. पाचशे इथेच गेले. वीस लिटरचे दोन जेरीकॅन, डिझेल आणि डबा मिळून चाळीसच्या वर. एलएमजी आणि तिच्या पेट्या. रेडिओ, त्याच्या बॅटऱ्या. टो चेन, फावडं, कुदळ, बर्फाच्या साखळ्या. वर कॅमोफ्लाज जाळी, ती कोरडी असताना हातात उचलता येते आणि पावसात भिजली की दोघे लागतात. दोन दिवसांचा शिधा. हे सगळं आठशेच्या आत जेमतेम बसतं.

पण यात अजून गाडीला केलेले बदल धरलेलेच नाहीत. मागे ट्रेलर ओढायचा पिंटल हुक लावायचा तर तो नुसता बंपरला लावून चालत नाही, चेसीच्या दोन्ही गर्डरना जोडणारी आडवी पट्टी लागते. इंजिन आणि गिअरबॉक्सखाली जाड पत्रा. जेरीकॅनची खोगिरं. रायफलींचे क्लॅम्प. तोफेचा किंवा मशिनगनचा स्टँड, आणि त्याचा धक्का पेलायला खाली दिलेला आधार. अँटेनाचा ब्रॅकेट. हेलिकॉप्टरखाली लटकवायला आणि रेल्वेच्या रेकवर बांधायला कड्या. मागच्या धुऱ्याच्या गोळ्याला (डिफरन्शिअलला) दिलेला पांढरा रंग आणि त्यावर उजेड पाडणारा कॉन्व्हॉयचा छोटा दिवा, याचं वजन नगण्य. बाकीचं प्रत्येक थोडं-थोडं आणि मिळून बरंच. शोरूममधली गाडी ८०० किलो पेलते असं कंपनी लिहून देते तेव्हा ती खोटं बोलत नाही. या बदलांनी त्या आठशेतले किती खाल्ले, हे तुमच्या काट्यावर दिसायला हवं. तेही नुसतं एकूण वजन नको. पुढच्या धुऱ्यावर किती, मागच्या धुऱ्यावर किती, असं वेगवेगळं हवं. कारण वजन बहुतेक मागे आणि वर चढतं. मागे चढलं की चढणीवर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही, वर चढलं की वळणावर गाडी कलंडते.

ब्रिटिशांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. साठच्या दशकात त्यांना हेलिकॉप्टरने उचलता येईल अशी लँड रोव्हर हवी होती. दारं, काच, बाजूचे पत्रे सगळं नट काढून वेगळं करता येईल अशी त्यांनी बनवली आणि नाव दिलं लाइटवेट. सगळे पत्रे परत जोडले की ती नेहमीच्या लँड रोव्हरपेक्षा जड भरायची. पण त्यांना ते चालणार होतं, कारण वजन कुठल्या क्षणी मोजायचं हे त्यांनी आधीच ठरवलं होतं: उचलताना. आपल्या कागदात तो क्षण लिहिलेला असावा, एवढंच मागतोय.

चिलखताचा विषय निघाला की सगळे भावूक होतात, आणि मुंबईकर म्हणून मीही होतो. २६/११ ला कामा हॉस्पिटलच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर साध्या क्वालिसमध्ये गेले. त्यानंतर 'प्रत्येक गाडीला चिलखत लावा' असं कोणीही म्हणेल. पण पत्र्याचा हिशेब करून बघा. सहा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा एका चौरस मीटरला ४७ किलो भरतो. चार दारं आणि मागची बाजू झाकायला चार-पाच चौरस मीटर सहज लागतात. दोनशे किलोंच्या वर गेले, आणि गोळीरोधक काच अजून यायची आहे. सहा मिलिमीटरने रायफलच्या प्रत्येक गोळीची खात्री मिळत नाही ती नाहीच. बिजागऱ्या लोंबतात, ब्रेक तापतात, क्लच जळतो. अमेरिकेची हमव्ही मुळात अडीच टनांच्या आतली. इराकमध्ये सुरुंग फुटायला लागल्यावर तिला चिलखत चढवत गेले ते साडेचार टनांच्या आसपास पोचले, आणि शेवटी त्या कामासाठी वेगळीच गाडी बनवावी लागली. आपण इथे शहाणपणा केलाय. मार्च २०२१ मध्ये महिंद्रा डिफेन्सला १,३०० चिलखती हलक्या गाड्यांचं, १,०५६ कोटींचं काम दिलं, ती गाडी जन्मापासून चिलखती आहे. मग साध्या हलक्या गाडीला 'नंतर लागलं तर पत्रे लावू' म्हणून मोकळं ठेवू नका. हलकी ती हलकी, चिलखती ती चिलखती. मधली गाडी दोन्हीकडून मार खाते.

वायरिंगबद्दल थोडं. युनिटला गाडी मिळाली की पहिल्या आठवड्यात कोणीतरी ड्रिल घेऊन येतो. रेडिओ बसवायचाय, सर्चलाइट लावायचाय, साहेबांच्या सीटपाशी नकाशा वाचायचा दिवा हवाय. जिप्सीत हे खपून गेलं. डॅशबोर्डखाली हात घातला की प्रत्येक वायर ओळखीची. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग सगळे छोटे-छोटे कॉम्प्युटर एकाच तारेवर एकमेकांशी बोलतात. त्यात कुठेही टोचा मारून करंट घेतला की डॅशवर दिवाळी होते आणि गाडी ताकद कमी करून रांगायला लागते. शिवाय नागरी गाडीचा अल्टरनेटर तिच्या स्वतःच्या गरजेपुरता असतो. रेडिओ रात्रभर चालवायचा, इंजिन बंद ठेवून, आणि पहाटे थंडीत तीच बॅटरी स्टार्टरला ताकद देईल अशी आशा ठेवायची. दुसरी बॅटरी, मोठा अल्टरनेटर, रेडिओसाठी वेगळा फ्यूजबॉक्स आणि मोकळ्या टोकांच्या वायरी कारखान्यातूनच येऊ देत. इंजिनाच्या विजेचा खरखराट रेडिओत येऊ नये म्हणून जे बंदोबस्त करावे लागतात ते तर नंतर करताच येत नाहीत. अहिल्यानगरच्या व्हीआरडीईतल्या, म्हणजे डीआरडीओच्या गाड्यांच्या प्रयोगशाळेतल्या, लोकांना हे पाठ आहे. त्यांना शेवटी प्रमाणपत्रासाठी बोलावण्यापेक्षा पहिल्या दिवशी बोलवा.

थंडीचा मामला सगळ्यांत नाजूक, आणि इथे मला तुमच्या कागदाची खरी काळजी वाटते.

जुन्या डिझेल इंजिनाने हवा धरली तर काय करायचं हे आमच्या प्रत्येक पोराला डोळे मिटून यायचं. फिल्टरवरचा हँडपंप मारायचा, इंजेक्टरचा नट अर्धा आटा सैल करायचा, आधी फेस येतो, मग फेसात डिझेल, मग स्वच्छ धार. धार आली की नट आवळ, दुसऱ्या इंजेक्टरवर जा. उणे वीसमध्ये हातमोजे घालूनही हे जमायचं. आजच्या कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जबर दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) चालू गाडीत तो नट सैल केला तर धार हाताची कातडी फाडून आत जाते. तिथे दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे असतो. त्यातलं इंजेक्टर बदललं की त्याचा कोड स्कॅनर लावून कॉम्प्युटरला सांगावा लागतो. आणि आपलं डिझेल बॅरलमधून जेरीकॅनमध्ये, तिथून फनेलने टाकीत, वाटेत धूळ आणि पाणी घेत येतं. कॉमन रेलला यातलं काहीच सोसत नाही.

त्यावर बीएस-६, गाडीच्या धुरावरचा नियम. १ एप्रिल २०२० पासून नागरी बाजारात ते आलं, ते शहरासाठी चांगलंच आहे, मी कुर्ल्यात राहतो, इथल्या हवेचं मला सांगू नका. पण डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते आणि ती जाळून साफ व्हायला गाडी बराच वेळ चांगल्या वेगाने पळावी लागते. कॉन्व्हॉय चालतो दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, थांबत-थांबत. जाळी भरते, गाडी रांगते. ज्या गाड्यांत युरियाचं पाणी घालावं लागतं, त्यांत ते पाणी उणे ११ ला गोठतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत न गोठणारं डिझेल आणलं, तो प्रश्न सुटला. युरियाचा तसा सुटत नाही, टाकीला हीटर लागतो आणि हीटर परत बॅटरी खातो. म्हणून नागरी इंजिन लष्करात घेताना यातलं काय ठेवायचं, काय काढायचं आणि काढल्यावर कॉम्प्युटरमधला प्रोग्राम कोण लिहून देणार, हे कराराच्या आधी ठरवून घ्या. टर्बो डिझेल डोंगरात पेट्रोल जिप्सीपेक्षा कितीतरी जोर धरतं, ते मी नाकारत नाही. ते मला हवंच आहे. पण 'युद्धाचा मोड' नावाचं एक बटण असू दे, की ते दाबल्यावर कुठल्याही सेन्सरने कितीही बोंब मारली तरी इंजिन ताकद कमी करणार नाही. इंजिन खराब झालं तर होऊ दे. तिथून माणसं निघाली पाहिजेत.

पाण्याचं मुंबईवाल्याला शिकवायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर महिनाभर आमच्याकडे गाड्यांची रांग होती, आणि आजही हिंदमाताला पाणी भरलं की दुसऱ्या दिवशी दोन तरी टो होऊन येतात. हवा ओढणारं तोंड पाण्याखाली गेलं की सिलिंडरमध्ये पाणी शिरतं, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून स्नॉर्केल, हवा वरून ओढणारी नळी. पण स्नॉर्केल लावून हौशी लोक पाण्यात घालतात आणि आठ दिवसांनी धुऱ्यातून घरघर येते म्हणून आणतात. डिफरन्शिअलचा प्लग उघडला की तेलाऐवजी पांढरट, फेसाळ ताक बाहेर येतं. गरम धुरा थंड पाण्यात गेला, आतली हवा आकसली, ब्रीदरमधून, म्हणजे धुऱ्याच्या हवेच्या भोकातून, पाणी ओढलं गेलं. ब्रीदरला हातभर नळी लावून ती बॉनेटपर्यंत वर नेली असती तर काही झालं नसतं. दोनशे रुपयांचं काम. कागदावर नुसतं '७०० मिलिमीटर पाण्यातून जाईल' असं लिहून भागत नाही. जाईल आणि दुसऱ्या दिवशी प्लग उघडून तेल बघितलं जाईल, असं लिहा.

आता दुरुस्ती करणाऱ्या पोराच्या शेऱ्याबद्दल. ट्रायलमध्ये मेंटेनेबिलिटीची परीक्षा असते, मेट म्हणतो आपण तिला, हे मला ठाऊक आहे. पण तांत्रिक बाबतीत दोन गाड्या पास ठरल्या की पुढे नुसती किंमत बोलते. एकीची क्लच प्लेट झाडाखाली चार तासांत बदलते आणि दुसरीला गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, अर्धी खालची बाजू उतरवावी लागते. किंमत उघडण्याच्या दिवशी हा फरक शून्य होतो. पुढची पंधरा वर्षं तो फरक एलआरडब्ल्यूतला (हलक्या दुरुस्तीच्या वर्कशॉपातला) नायक भरत राहतो, आणि व्हीओआरच्या (नादुरुस्त गाड्यांच्या) यादीत उभ्या असलेल्या गाड्यांच्या रूपाने कमांडिंग ऑफिसर भरतो. डीपीपी २०१६ या संरक्षण खरेदीच्या नियमावलीत किमान निकषापेक्षा सरस ठरणाऱ्याला किमतीच्या तुलनेत एकूण १० टक्क्यांपर्यंत फायदा देण्याची सोय आली होती. ती क्षेपणास्त्राच्या पल्ल्यालाच कशाला वापरायची? क्लच, इंजेक्टर, व्हील बेअरिंग, स्टार्टर, रेडिएटर, ही पाच कामं ठरवा. कंपनीचा माणूस दूर उभा करा. युनिटचा नायक, त्याचा पान्यांचा डबा, रात्र, थंडी, लॅपटॉप नाही. घड्याळ लावा आणि त्या तासांना त्या दहा टक्क्यांत जागा द्या. कंपन्या इंजिन खाली कसं बसवायचं याचा दुसऱ्याच दिवशी फेरविचार करतील.

अमेरिकेने २०२० मध्ये नऊ जवानांची हलकी गाडी घेतली ती शेवरले कोलोराडो पिकअपवरून, नव्वद टक्के पार्ट बाजारातले. कल्पना चांगली आहे आणि आपणही तेच करतो. पण बाजारातल्या गाडीचं आयुष्य बाजार ठरवतो. लष्कराची जुनी जोंगा निस्सानच्या 'पॅट्रोल' गाडीवरून आली, जपानने ते मॉडेल कधीच मागे टाकलं, तरी जबलपूरच्या कारखान्यात ती १९९९ पर्यंत बनत राहिली, कारण साचे आपल्याकडे होते. जिप्सी नागरी बाजारात तीसहून अधिक वर्षं राहिली, म्हणून ऑपेरा हाऊसच्या मार्केटमध्ये आजही तिचा कुठलाही पार्ट मागा, दुकानदार मान वर न करता काढून देतो. स्टॉर्मचा करार २०१७ चा आणि बीएस-६ यायच्या आतच ती बाजारातून गेली. लष्कराकडे गाडी पंधरा वर्षं, बाजारात तीन. मधल्या बारा वर्षांत दरवाजाचं रबर आणि पॉवर विंडोची मोटर कुठून आणायची? पुढच्या करारात असं लिहा की मॉडेल बंद करायचं असेल तर कंपनीने आधी ड्रॉइंग आणि साचे आपल्या बेस वर्कशॉपला किंवा आपण सांगू त्या कारखान्याला द्यायचे. त्यासाठी चार पैसे जास्त मागितले तर द्या.

महिंद्रांचा कारखाना आणि लष्कराचा ऑर्डनन्स डेपो, दोन्ही इथेच कांदिवलीला आहेत, आणि कुलाब्याला एरिया हेडक्वार्टर आहे. ट्रायलच्या आधी एक दिवस काढून त्या भागातल्या कुठल्याही ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी पूर्ण भरून उभी करा. काटेवाला पावती देतो. ती पावती फाइलच्या पहिल्या पानाला टाचलेली असू दे, आणि तिच्याखाली एलआरडब्ल्यूच्या नायकाच्या सहीला एक रकाना. पुढच्या जीएसक्यूआरमध्ये हे दोन कागद दिसले तर या पत्राचं उत्तर मला मिळालं असं धरीन. वेगळं पाठवायची तसदी घेऊ नका.

आपला,
ईएमईतून निवृत्त झालेला एक हवालदार, व्हेइकल मेकॅनिक
कुर्ला, मुंबई